कपात जांभूळ का उतरत नाही?

नॅचरल पद्धतीची आफ्रिकी कॉफी विकत घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पाकिटावर ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, वाइन असं काहीबाही छापलेलं असतं. पाकीट फोडल्यावर वासही तसाच येतो, अगदी खोलीभर. कपात मात्र काहीतरी सपक आणि खडूसारखं उतरतं, फार तर कडसर. पाव किलोला हजाराच्या आसपास मोजलेले असतात, त्यामुळं चडफड जरा जास्तच होते. मग उपायांचा शोध सुरू होतो. ड्रिपर बदला, किटली बदला, पाणी ओतायची नवी तऱ्हा शिका, जपानी कागद मागवा. बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावात बसून पुण्या-मुंबईहून कुरिअरनं कॉफी मागवणारा माणूसही याच वाटेनं जातो, कारण त्याला मिळणारा सल्ला लंडन, टोकिओ नाहीतर बंगळुरूच्या स्वयंपाकघरातला असतो.

या सगळ्या प्रश्नाचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगून टाकतो. यात बी, भाजणी, पाणी, दळण आणि भांडं अशा पाच गोष्टी येतात. सगळ्यात जास्त चर्चा भांड्याची होते आणि सगळ्यात कमी फरकही भांड्यानंच पडतो. बीड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर फळाचा घात पाण्यात होतो.

आधी बी. कॉफीचं फळ लहान बोराएवढं, पिकल्यावर लाल होतं. आत दोन बिया, त्यांच्याभोवती चिकट गर आणि वर साल. वॉश्ड पद्धतीत साल काढून गर आंबवतात, मग भरपूर पाण्यानं धुऊन बी वाळवतात. नॅचरलमध्ये यातलं काहीच नाही. तोडलेलं फळ निवडायचं आणि सालीसकट उन्हात टाकायचं. इथिओपियात त्यासाठी कमरेएवढ्या उंचीच्या जाळीच्या माचांवर फळ पातळ पसरतात, दिवसभर हातानं उलथंपालथं करतात, दुपारच्या कडक उन्हात आणि रात्री झाकतात. तीन-चार आठवड्यांत फळ काळं, कडक होतं. बीमधला ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर आला की यंत्रात घालून टरफल फोडतात. ही सगळ्यात जुनी पद्धत. हरार आणि समोरच्या येमेनसारख्या कोरड्या मुलखात ती टिकली याचं कारण उघड आहे. किलोमागं कित्येक लिटर पाणी धुण्यात घालवायची चैन त्या भागाला परवडणारी नव्हती. यिर्गाचेफे आणि सिदामोकडं धुण्याची केंद्रं आली ती साधारण १९७० च्या दशकात, आणि ‘चांगली कॉफी म्हणजे धुतलेली कॉफी’ हा समज त्यानंतर पक्का झाला.

हा समज सगळीकडं होता. केनियात झाडावरच सुकलेल्या, उरल्यासुरल्या फळांच्या कॉफीला ‘म्बुनी’ म्हणतात आणि तिचा भाव तळाचा असतो. आपल्याकडंही व्यापाऱ्यांच्या बोलीत धुतलेली अरेबिका ती ‘प्लँटेशन’ आणि फळासकट वाळवलेली ती ‘चेरी’. चेरीला मान नव्हता, ती मिश्रणात खपायची. नॅचरलला आज जी किंमत आलीय ती गेल्या वीसेक वर्षांतली. फक्त पिकलेलं फळ तोडून, माचांवर पातळ पसरून, लक्ष ठेवून वाळवलं तर बुरशीचा कुबट वास न येता फळाचा वास येतो, हे खरेदीदारांना पटलं आणि त्यासाठी ते जादा पैसे मोजू लागले. पद्धत जुनीच होती, नवीन होती ती निगा.

आता फळाचा हा वास बीमध्ये येतो कुठून? दुकानदारांचं ठरलेलं उत्तर असं, की वाळताना गरातली साखर आणि रस बीमध्ये मुरतो. ऐकायला छान वाटतं, पण जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात डिर्क सेल्मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात जे काम केलं, त्यातून निघणारं चित्र वेगळं आहे. तोडलेल्या फळातली बी जिवंत असते. धुण्याच्या पद्धतीत साल निघताच ती रुजायच्या तयारीला लागते, आणि टाकीत हवेची वानवा झाल्यावर स्वतःजवळचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज खर्च करते. नॅचरलमध्ये या साखरा बऱ्याच जास्त शिल्लक राहतात, म्हणजे गरातून काही मुरलं म्हणून नव्हे, आतलं खर्च झालं नाही म्हणून. शिवाय फळात हळूहळू सुकणाऱ्या बीमध्ये गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल साठतं. पाण्याचा ताण पडलेल्या झाडांमध्ये साठणारा हा पदार्थ, थोडक्यात दुष्काळाची खूण. बीडच्या वाचकाला ताणावरच्या पिकाबद्दल वेगळं काही सांगायला नको. अर्थात गरावर वाढणारे यीस्ट आणि जिवाणू, त्यांनी तयार केलेले एस्टर यांचाही वाटा आहे. जांभळ्या-तांबड्या फळांचा आणि दारूचा वास येतो तो त्यांच्याकडून. दोन्हींचा हिशेब नेमका कसा वाटायचा यावर अजून वाद चालू आहे.

हेच एस्टर आणि आम्लं भाजताना आणि साठवताना पहिल्यांदा जातात, म्हणून भाजणी गडद झाली की नॅचरल आणि वॉश्डमधला फरक पुसत जातो. हलकी किंवा मध्यम-हलकी भाजणीच घ्यावी. भाजल्या दिवशीची कॉफी मात्र लगेच पिऊ नये. हलक्या भाजणीच्या बीला दोन ते चार आठवडे मुरू द्यावं लागतं, तोवर तिच्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्याला आत शिरू देत नाही. बीडच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि कुरिअरच्या गोदामात त्याहून वर. मार्च ते मेमध्ये मागवायची तर थोडी मागवावी, आणि आल्यावर हवाबंद डब्यांत पन्नास-पन्नास ग्रॅम करून फ्रीझरमध्ये टाकावी. साध्या फ्रिजच्या कप्प्यात ठेवू नये, तिथं लसणाची चटणी आणि कॉफी एकाच वासाची होतात.

आफ्रिकेचा आग्रह कितपत धरायचा, हा यातला वेगळा प्रश्न. भारतात कॉफीवर मूळ आयातशुल्क १०० टक्के आहे. आफ्रिकेतून जी कच्ची कॉफी येते तिचा मोठा भाग इन्स्टंट कॉफी करून पुन्हा निर्यात होतो. भाजून पाकिटात विकायला येणारी इथिओपियाची कॉफी त्या मानानं मूठभर, आणि म्हणून महाग. पण इथिओपियाचा वंश आपल्याकडं आधीच आहे. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये सुरू झालेल्या कॉफी संशोधन केंद्रानं काढलेलं ‘सिलेक्शन ९’ हे वाण इथिओपियाच्या ताफारिकेला जातीचा आणि तिमोर संकराचा मेळ आहे. कर्नाटकातले कितीतरी बागायतदार आता तेच वाण नॅचरल पद्धतीनं वाळवतात, नागपूर, पुणे, मुंबईचे भाजणारे ते विकतात, आणि किंमत आयात कॉफीच्या निम्म्याच्या आसपास पडते. यिर्गाचेफेच्या फुलासारख्या वासाची बरोबरी ती करत नाही. पण फळाच्या गोडव्यासाठी घेत असाल, तर शिकायच्या काळात हीच वापरा असं मी सांगेन. पाण्याचा गोंधळ निस्तरला नसताना इथिओपियाची पहिल्या प्रतीची कॉफी उकळत्या बोअरच्या पाण्यात ओतणं हा निव्वळ अपव्यय आहे. (महाराष्ट्रात कॉफी पिकते ती विदर्भात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर. थोडीच आहे, पण आहे.)

आफ्रिका आणि मराठवाडा हा संबंध तसा नवा नाही. इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून येमेनच्या मोखा बंदरात विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला, निजामशाहीचा कारभारी झाला आणि मुघलांना जेरीस आणून १६२६ मध्ये वारला. मलिक अंबर. बीडही निजामशाहीच्या मुलखातलं, शहराजवळची खजाना विहीर त्याच राजवटीतली. १६१७ मध्ये अंबराला छावणीत भेटून त्याच्याबद्दल लिहून ठेवणारा डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक हा मोख्यात कॉफी पाहून तिची नोंद करणाऱ्या पहिल्या डचांपैकी एक. म्हणजे बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्या असं सांगतात, त्याच्या कितीतरी आधी कॉफी ठाऊक असलेली माणसं या मुलखातून गेली होती. त्यांनी इथं कॉफी प्यायली का, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा कल्पनेला तिथंच आवरतो.

आता पाणी.

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारावर वसलेला, खाली सगळा काळा पत्थर. या बेसॉल्टमधून झिरपलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. तांब्याच्या बंबात, गिझरच्या रॉडवर, चहाच्या पातेल्याच्या काठाला बसणारा पांढरा थर तो हाच. नळाला माजलगाव किंवा बिंदुसरेचं पाणी येतं ते बोअरपेक्षा हलकं, पण ते रोज येत नाही. त्यामुळं घराघरात तीन पाणी असतात: नळाचं साठवलेलं, बोअरचं, आणि प्यायला विकतचा जार.

कॉफीच्या दृष्टीनं यातला खलनायक बायकार्बोनेट. त्याच्या मोजमापाला अल्कता म्हणतात. फळाची चव म्हणून आपण जे ओळखतो त्याचा अर्धा भाग आंबटपणाचा असतो: सायट्रिक, मॅलिक अशी आम्लं. बायकार्बोनेट ही आम्लं मारून टाकतं. आंबटपणाचा कणा गेला की उरलेला फळाचा वास नुसता आंबूस, शिळा वाटायला लागतो, आणि पिणारा म्हणतो कॉफी खराब निघाली. जगातल्या स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या संघटनेनं पाण्याचा जो दंडक घालून दिला, त्यात अल्कता लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि एकूण विरघळलेले क्षार १५० च्या आसपास असावेत असं म्हटलंय. आता आपल्या पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, पाहा. अल्कता २०० पर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल. कठीणपणाचेही आकडे तेच, २०० आणि ६००. म्हणजे सरकारी तपासणीत उत्तम ठरलेलं पाणीसुद्धा नॅचरल कॉफीला पाचपट जड असू शकतं, आणि बोअरचं पाणी तीनशे-चारशेच्या घरात जाणं मराठवाड्यात नवलाचं नाही. प्यायला ते वाईट आहे असं कुणी समजू नये. भाकरी, वरण, चहा यांना ते चालतं. चहात दूध-साखर सगळं सांभाळून घेते. काळ्या कॉफीला सांभाळून घेणारं कुणी नसतं.

मग जारचं पाणी वापरावं? बरेच जण तेच करतात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पडतात. आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार इतके कमी असतात, की कॉफी बोचरी, पोकळ, लिंबू पिळल्यासारखी होते. आम्लांना आवर घालायला थोडं बायकार्बोनेट लागतंच. शिवाय बाथ विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्याच गावात कॉफीचं दुकान चालवणारे मॅक्सवेल व लेस्ली कलोना-डॅशवुड यांनी २०१४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कॉफीतले चवीचे रेणू मॅग्नेशियमला चांगले धरतात, तेव्हा पाण्यात थोडं मॅग्नेशियम हवं, असा त्याचा मथितार्थ. ही संगणकावरची गणितं होती, कपातला पुरावा नंतर लोकांनी आपापल्या जिभेनं गोळा केला, आणि सगळ्यांचा सारखा आला नाही. बायकार्बोनेटबद्दल मात्र फारसं दुमत नाही.

उपाय स्वस्त आहेत. पहिला, मिसळण. मत्स्यालयवाल्यांकडं किंवा ऑनलाइन ‘केएच’ तपासायची बाटली मिळते. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचं, रंग निळ्याचा पिवळा झाला की थेंब मोजायचे, एका थेंबाला साधारण १८ मिलिग्रॅम अल्कता धरायची. समजा बोअरचं पाणी ३२० आलं आणि जारचं १०. एक पेला बोअर आणि आठ पेले जार मिसळले, की अल्कता ४४ वर येते. झालं काम. नुसता टीडीएस मीटर याला पुरत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते तेवढं सांगतो, मीठ कोणतं ते सांगत नाही.

दुसरा उपाय पाणी घडवण्याचा, तो जरा नादिष्ट लोकांसाठी. बॅटरीत घालायचं म्हणून मिळतं ते डिस्टिल्ड पाणी नको, त्याच्या शुद्धतेची हमी पिण्यासाठी दिलेली नसते. जारचंच घ्यावं. एका लिटर जारच्या पाण्यात १.६८ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून एक बाटली भरावी, दुसऱ्या लिटरमध्ये २.४६ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून दुसरी. मग कॉफीच्या एक लिटर पाण्यात पहिलीतलं ४० मिलिलिटर आणि दुसरीतलं ८० मिलिलिटर घालायचं. सोड्यातून ४० अल्कता येते, मॅग्नेशियममधून ८० कठीणपणा. मॅग्नेशियम सल्फेट हे नाव बीडच्या कापूसवाल्याला नवं नाही, कपाशीवर लाल्या आला की फवारायला तेच आणतात. पण कृषी सेवा केंद्रातली पिशवी स्वयंपाकघरात आणू नका. ते खताच्या प्रतीचं असतं. औषधाच्या दुकानात पोटात घेण्याच्या प्रतीचं एप्सम सॉल्ट मागा. मोजायला सोनाराकडचा असतो तसा छोटा डिजिटल काटा लागतो. ऑनलाइन काही शे रुपयांत येतो.

तिसरा उपाय काहीच विकत न घेता. बोअरचं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळावं, झाकून रात्रभर ठेवावं आणि वरचं निवळ हलक्या हातानं ओतून घ्यावं. उकळताना बायकार्बोनेटचा बराचसा भाग कॅल्शियमला घेऊन चुन्याच्या रूपानं तळाशी बसतो, मॅग्नेशियम पुष्कळसं पाण्यात राहतं. हे अर्धंमुर्धं औषध आहे, पण फरक कळतो.

तो कळावा म्हणून एकदा करून पाहण्यासारखं आहे: एकच बी, एकच दळण, तीन कप. बोअरच्या कपाचा रंग गडद आणि काहीसा गढूळ दिसतो, वास मंद, चव मातकट. जारचा कप तांबूस, पहिला घोट जिभेच्या कडांना झोंबतो आणि मग मागं काहीच उरत नाही. मिसळलेल्या पाण्याचा कप गरम असताना फार बोलत नाही. तो कोमट झाल्यावर जांभळासारखा तुरट-गोड वास नाकात चढतो. इथं पाकिटावरच्या ब्लूबेरीचा नाद सोडावा. बीडच्या जिभेला जांभूळ, करवंद, पाडाचा पेरू, काकवी यांची ओळख पक्की आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं बालाघाटचं सीताफळही आहे, आणि काही नॅचरल कॉफ्यांचा मऊ, सायीसारखा गोडवा सीताफळाच्या जितका जवळचा आहे तितका कोणत्याही बेरीच्या नाही.

पाणी जमलं की दळणाकडं वळावं. मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीत खडे आणि धूळ एकाच वेळी असतात. तांदूळ आणि तांदळाचं पीठ एकाच पातेल्यात शिजायला टाकण्यातला प्रकार: पीठ करपतं, तांदूळ कच्चा राहतो. कपात कडू आणि आंबट एकदम येतं. हाताचा दात्यांचा ग्राइंडर दोन-तीन हजारांपासून मिळतो आणि खर्च करायचाच तर इथं करावा, ड्रिपरवर करू नये. तोवर मिक्सरच वापरायचा असेल तर थांबत-थांबत फिरवावा आणि मैद्याच्या चाळणीनं धूळ चाळून काढावी. थोडी कॉफी वाया जाते, कप सुधारतो. इथिओपियाची नॅचरल कॉफी दळताना मुळातच जास्त धूळ करते, ती कागदाच्या छिद्रांत बसून पाणी तुंबवते. वॉश्ड कॉफीपेक्षा थोडं जाड दळावं ते यासाठी. जाड म्हणजे बारीक रव्यापेक्षा जाड, लापशीच्या रव्याच्या जवळ.

पाण्याचं तापमान किती असावं यावर फार शाई खर्च झालीय. नॅचरलला ८८ अंश, वॉश्डला ९५, असे ठाम आकडे लोक देतात. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी करून, तिची तीव्रता आणि बीतून निघालेल्या अर्काचं प्रमाण सारखं ठेवून प्रशिक्षित चव घेणाऱ्यांना दिली. तापमानाचा परिणाम नगण्य निघाला. तापमान बदलून जे वेगळं वाटतं ते मुख्यतः अर्क कमीजास्त निघाल्यामुळं, असा याचा अर्थ. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या थोडं वर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळी आली, गॅस बंद केला, कागद भिजवून भांडं गरम केलं, एवढ्यात ते ९३-९४ वर येतं. थर्मामीटर नसला तरी चालेल. दारूसारखा उग्र वास असलेली कॉफी असेल तर आणखी दोन मिनिटं थांबावं, बस्स.

भांडी मी मुद्दाम शेवटी घेतली. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं पितळी डब्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीचा टीपकागद घातला, तिथून कागदी फिल्टर सुरू झाला. आजचे सगळे ड्रिपर त्याच कल्पनेचे. जपानच्या हारिओ कंपनीचा ६० अंशांचा शंकू, व्ही६०, सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात लहरी. हात हलला की चव हलते. कालिटाचा सपाट तळाचा वेव्ह जरा समजूतदार. केमेक्सचा कागद जाड, कप फार स्वच्छ येतो, पण नॅचरलचा मांसलपणाही त्यात गळून जातो. अमेरिकेच्या अॅलन अॅडलर यांनी २००५ मध्ये आणलेला एरोप्रेस आणि तळाला झडप असलेला क्लेव्हर, ही दोन भांडी पूड पाण्यात भिजवून ठेवतात आणि मग गाळतात. ओतण्याची कसरत नाही, धुळीनं तुंबण्याचा त्रास कमी. नवशिक्यानं नॅचरलसाठी क्लेव्हर घ्यावा, व्ही६० नंतर. कॉफी गाळण्याच्या जागतिक स्पर्धेचा २०१६ चा विजेता तेत्सु कासुया याची ‘चार-सहा’ पद्धत पुष्कळ गाजली. पहिल्या चाळीस टक्के पाण्यानं आंबट-गोडाचा तोल साधायचा, उरलेल्या साठानं तीव्रता. ती शिकायला सोपी आहे, आणि तिच्यातलं जाड दळण नॅचरलला मानवतं.

व्ही६० साठी चालणारं साधं माप असं: १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. आधी ४५ ग्रॅम पाणी घालून चाळीस सेकंद थांबायचं, पूड फसफसते. मग १५० पर्यंत, मग २४० पर्यंत, धार मधोमध आणि हळू. चमच्यानं ढवळायचं नाही, ढवळलं की धूळ तळाशी जाऊन बसते. तीन मिनिटांच्या अलीकडं-पलीकडं गाळून झालं पाहिजे. चार मिनिटं लागली तर दळण जाड करा, दोनच लागली तर बारीक. बारीक तोटीची किटली नसेल तर पातेल्यातलं पाणी पळीच्या पाठीवरून सोडावं.

घरात दक्षिणी पितळी किंवा स्टीलचा फिल्टर असेल, तर त्याचं काय? चालतो, चिकोरी नसलेली कॉफी घेतली आणि दूध विसरलं तर. वरच्या डब्याच्या तळाला ड्रिपरचा कागद गोल कापून ठेवावा, दळण नेहमीपेक्षा जाड ठेवावं, दाट अर्क उतरला की त्यात तेवढंच किंवा दुप्पट गरम पाणी घालावं. कप जड येतो, काकवीच्या अंगानं जाणारा, वासातला वरचा सूर हरवलेला. मला तो नावडत नाही.

दुधाचाही मुद्दा काढला पाहिजे, कारण मराठी घरात कॉफी म्हणजे अजूनही साखर घालून उकळलेलं दूध, इन्स्टंटची चमचाभर पूड आणि वर किसलेलं जायफळ. त्या कॉफीशी माझं काही भांडण नाही, पण नॅचरलमध्ये जायफळ घालू नये. दोघांचेही वास दांडगे आहेत. मात्र शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी इथिओपियातलं घर पाहावं. तिथली जवळपास निम्मी कॉफी तिथंच पितात. बी समोर तव्यावर भाजतात, कुटतात, मातीच्या जेबेनात उकळतात, आणि त्याच चोथ्यावर पाणी घालत तीन फेऱ्या करतात. अबोल, तोना, बारका ही त्या फेऱ्यांची नावं. भरपूर साखर घालतात, कुठं मीठ, कुठं लोणी. कागदी फिल्टर, काटा, स्टॉपवॉच यातलं काहीही नाही. तेव्हा गाळलेली पातळ कॉफी हीच आफ्रिकी कॉफीची खरी रीत, असं म्हणण्यात अर्थ नाही. फळ वेगळं करून दाखवायला ती सोयीची, इतकंच.

अलीकडं एक नवी गुंतागुंत आलीय. हवाबंद टाक्यांत आंबवलेल्या, फळांचे तुकडे किंवा यीस्ट घालून आंबवलेल्या कॉफ्या नॅचरल याच शब्दाखाली विकल्या जातात. त्यांचा वास इतका मोठा असतो, की बोअरच्या पाण्यातही तो मरत नाही, आणि म्हणूनच त्या खपतात. स्ट्रॉबेरीच्या गोळीसारख्या लागणाऱ्या कॉफीत इथिओपियाची जमीन शोधायला जाऊ नये. विकणाऱ्यानं काय घातलं ते पाकिटावर लिहिलं असेल तर माझी हरकत नाही. बऱ्याचदा लिहिलेलं नसतं.

उन्हाळ्यात गरम कप नको वाटतो. तेव्हा २० ग्रॅम कॉफीवर १८० ग्रॅम गरम पाणी ओतावं आणि खाली भांड्यात १२० ग्रॅम बर्फ ठेवावा, गाळलेली कॉफी थेट त्यावर पडते आणि वास उडून जायच्या आत थंड होते. दळण मात्र एरवीपेक्षा जरा बारीक, कारण पाणी कमी आहे. आणि बर्फ त्याच मिसळलेल्या पाण्याचा लावावा. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेली लादी यात टाकली तर कॉफीत पुन्हा कुठलं पाणी आलं, याचा पत्ता लागत नाही.